गुबगुबीत बालबोध

मराठी माणूस नागरी लिपीस प्रेमानें 'बालबोध' म्हणतो. पोरासोरांसहि कळावी अशी लिपी, हा त्या नांवाचा सरळ अर्थ. परंतु छापखान्यांत शिरल्यापासून ह्या लिपीनें जो पोक्तपणा धारण केला तो पाहतां, तिचें हें नांव कोणीं तरी विनोदानें ठेवलें असावें असें वाटूं लागतें. पंचांग, गीता, शाकुंतल, सरकारी गॅझेट आणि मुलांचें गोष्टींचें पुस्तक हीं सारीं एकाच वळणाच्या, ताठ उभ्या, शिरोरेषेची पगडी घट्ट बसविलेल्या अक्षरांत छापलीं गेलीं. मुलांच्या पुस्तकांत फरक एवढाच कीं, टाइप कांहींसा मोठा असे.

आज तसें राहिलेलें नाहीं. नागपुरांत सीताबर्डीवरून इतवारीकडे जाणाऱ्यानें जरा मान वर करून पाट्या वाचल्या, तर त्यांत जाड, गुबगुबीत, टोंकें व कोपरे मऊ केलेलीं अक्षरें त्यास सहज भेटतील. खाऊच्या पुड्यावर, बालवाडीच्या भिंतीवर, मुलांच्या पुस्तकाच्या वेष्टनावर तीं दिसतात. ह्या जातीच्या एका वळणाचें नांव 'बालू'. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या अक्षरकारांच्या मंडळीनें तें तयार केलें आणि २०१६ सालीं तें सर्वांस विनामूल्य खुलें झालें. कोणी त्याकडे आजची टूम म्हणून पाहतात; कोणी इंग्रजीची नक्कल म्हणून नाक मुरडतात. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. इंग्रजी जाड अक्षरास वरून एक आडवी रेघ दिली म्हणजे जाड नागरी अक्षर तयार होतें असें नाहीं. त्यासाठीं नागरीचें स्वतःचें एक कोडें सोडवावें लागतें, आणि मराठी मुद्रणाच्या आरंभापासून तें कोडें सुटण्यास दोनशें वर्षें लागलीं.

छापील अक्षरांचे दोन धर्म असतात. एक वाचनाचें अक्षर. तें पानभर पसरतें आणि स्वतःकडे लक्ष वेधून न घेतां मजकूर पुढें सरकवितें. दुसरें दर्शनी अक्षर. तें नांवापुरतें, मथळ्यापुरतें, पाटीपुरतें येतें, पण येतांना वर्दी देऊन येतें. पहिलें मुकाट सेवा करणाऱ्या जुन्या कारकुनासारखें, तर दुसरें दवंडी पिटणाऱ्यासारखें. ज्या भाषेंत दोन्ही प्रकार विपुल असतात, तींत पुस्तकाच्या मुखपृष्ठावरूनच आंतील मजकुराचा रंग ओळखतां येतो. मराठीच्या वांट्यास पहिला प्रकार उत्तम आला. दुसऱ्याची मात्र फार काळ उपासमार झाली.

ही उपासमार कां झाली, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यानें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें, त्यांतील मराठी शब्द नागरी टाइपांत होते. पुढें तेथें मोडीचेहि खिळे ओतले गेले आणि १८१० चा त्याचा मराठी कोश मोडींत निघाला. मोडी ही मराठी दप्तराची धांवती लिपी. आधीं कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढावयाची, आणि मग तिला टांगल्यासारखीं वाटोळीं अक्षरें झरझर लिहीत जावयाचें. गोलाई हा तिचा स्वभावच होता. म्हणजे मराठी लेखणीस वाटोळें अक्षर कोणा परक्यानें येऊन शिकविलें असें नव्हे. परंतु छपाईच्या व्यवहारांत बालबोध पुढें सरली, मोडी मागें पडली, आणि मोडीची ती सैल गोलाई छापील पानांतून नाहींशी झाली.

मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें शिळाप्रेसवर. शिळाछापाची एक मौज अशी कीं, तेथें खिळे नसतात. लेखकाचा हातच दगडावर उतरतो आणि दगडावरून कागदावर. अक्षर जाड हवें तर जाड, बारीक हवें तर बारीक, वेलबुट्टी हवी तर तीहि. पोथीचें नांव फुगवून लिहिण्यास तेथें कोणाची आडकाठी नव्हती. ती आडकाठी आली शिशाच्या खिळ्याबरोबर.

खिळ्याचें काम कसें चाले हें आजच्या पिढीस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. कारागीर प्रथम पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरी. त्या पोलादी ठशाचा ठोका तांब्याच्या तुकड्यावर मारून साचा करीत, आणि साच्यांत शिशाचा रस ओतून खिळे पाडीत. अमेरिकन मिशनच्या मुंबईच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम याच्या देखरेखीखालीं हें काम सुधारलें. त्याच छापखान्यांत नोकरीस राहिलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं १८६४ सालीं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. त्यांच्या पदरीं राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षर कोरणारा कुशल कारागीर होता. निर्णयसागरच्या टाइपाची कीर्ति काशीपर्यंत गेली, आणि ती योग्यच होती. त्या अक्षरांत बोरूचें जाड-बारीक नेटकें उतरलें आहे, गांठी स्पष्ट आहेत, डोळ्यांस शीण होत नाहीं. संस्कृत ग्रंथ छापावा तर ह्याच टाइपांत, अशी पुढें समजूतच झाली.

पण ह्या सौंदर्याची किंमत मोठी होती. बारा पॉइंटचा टाइप म्हणजे उंचीनें एक षष्ठांश इंच. तेवढ्या जागेंत नागरीस तीन मजले बांधावे लागतात. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मध्यें मूळ अक्षर. खालीं उकार आणि पाय मोडलेलीं जोडाक्षरें. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतींत हे मजले वेगवेगळ्या खिळ्यांचे असत आणि जुळारी ते एकावर एक रचून ओळ बांधी. दुसऱ्या 'अखंड' पद्धतींत मात्रा खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबती ठेवीत, आणि ती छापतांना मोडून पडे. इंग्रजीचा जुळारी दीडएकशें खणांच्या पेटीसमोर उभा राहून काम उरके. मराठीच्या जुळाऱ्यास कित्येक शें खणांमध्यें हात फिरवावा लागे. एक वळण तयार करण्यास जेथें इतका खटाटोप, तेथें केवळ मथळ्यासाठीं, गंमतीसाठीं, मुलांसाठीं म्हणून आणखी एक वळण कोण कोरून घेणार? टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला, सावरकरांनीं लिपिसुधारणेचा पुरस्कार केला, परिषदा भरल्या, समित्या बसल्या. ह्या साऱ्या चर्चेचा रोख संख्येवर होता. अक्षराच्या चेहऱ्याकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती, आणि त्या काळच्या अडचणी पाहतां त्याबद्दल त्यांस दोषहि देतां येत नाहीं.

याच सुमारास विलायतेंत काय चाललें होतें? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच लंडनच्या भिंतींवर सोडतींच्या व नाटकांच्या जाहिराती लागूं लागल्या होत्या, आणि रस्त्यानें जाणाऱ्याचा डोळा पकडण्यासाठीं तेथील ओतारखान्यांनीं लठ्ठ अक्षरें पाडण्यास सुरुवात केली होती. उभ्या दांड्या भरमसाट फुगवावयाच्या आणि आडव्या रेघा केसासारख्या ठेवावयाच्या, ही त्यांची युक्ति. पुढें १९२२ सालीं शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यानें 'कूपर ब्लॅक' हें वळण काढलें. त्यांत जाडी होतीच, शिवाय कडा मऊ होत्या, जणूं लोण्याचीं अक्षरें उन्हांत ठेवलीं आहेत. जाड अक्षर दांडगें न दिसतां गोड दिसूं शकतें, हें त्यानें दाखविलें, आणि जाहिरातवाल्यांनीं तें अक्षर डोक्यावर घेतलें.

नागरींत हीच युक्ति जशीच्या तशी चालत नाहीं, आणि खरें कोडें येथेंच आहे. रोमन अक्षरें सुटीं उभीं असतात. प्रत्येकाच्या अंगांत वाढण्यास जागा असते. नागरी अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषा आहे. ती जाड केली कीं, मजल्याची उंची तेवढ्यानें कमी झाली. खालच्या उरलेल्या जागेंत 'झ', 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांच्या गांठी आणि आंतल्या पोकळ्या बसवावयाच्या. जाडी वाढत गेली म्हणजे ह्या पोकळ्या शाईनें बुजत जातात. नुसतें रूप बिघडलें असतें तर एक वेळ चाललें असतें. पण येथें अर्थच फिरतो. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' ह्या जोड्यांत भेद आहे तो डाव्या बाजूच्या शिरोरेषेंतील चिमुकल्या खंडाचा व तेथील वळशाचा. तो खंड बुजला कीं 'भाजी'ची 'माजी' होते आणि 'धन' पाहतां पाहतां 'घन' होतें. 'ब'च्या पोटांतील तिरपी रेघ भरून गेली तर 'बारा'चा 'वारा' होतो. 'ष'ची तीच गत होऊन त्याचा 'प' बनतो. ज्यानें कधीं पाटी रंगविली आहे त्यास हें ठाऊक असतें. ज्यानें फक्त पाटी वाचली आहे त्यास तें चूक झाल्यावरच कळतें.

आणि पाटी रंगविणारांनींच हें कोडें पहिल्यानें हातीं घेतलें. छापखान्यांत मोठें दर्शनी अक्षर दुर्मिळ होतें, म्हणून नाटकाचें नांव, मासिकाचें मस्तक, पुस्तकाचें मुखपृष्ठ हीं चित्रकार हातानें काढीत व त्यांचे ठोकळे करून छापीत. रस्त्यावर पेंटर पत्र्यावर खडूचें सूत मारून वरची रेघ आखी, मग बाह्य रेषा काढी, मग आंतून रंग भरी, आणि शेवटीं उजव्या बाजूस सावली देऊन अक्षर उभें करी. गांठ कोठें उघडी ठेवावी, रेघ कोठें चोरून बारीक करावी, हें त्याच्या कुंचल्यास पाठ असे. त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला नाहीं. नागपुरास तर अशा अक्षरांचा एक वार्षिक मेळाच भरतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्यास, मारबतींच्या मिरवणुकींत जे बडगे निघतात, त्यांच्या अंगावर त्या त्या वर्षींच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर नाहीं तर एखाद्या रोगावर कोरडे ओढणारे फलक लटकविलेले असतात. गर्दींत, ढोलताशांच्या धामधुमींत, शंभर पावलांवरून तो टोमणा वाचला गेला पाहिजे. दर्शनी अक्षराची याहून कठोर परीक्षा कोणती?

मुंबईंत ह्या हस्तकौशल्यास कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींसाठीं त्यांनीं काढलेलीं शीर्षकें इतकीं बोलकीं असत कीं, नाटक रडविणार आहे कीं हंसविणार आहे हें नांव वाचण्याच्या आधींच समजे. विनोदी नाटकाच्या नांवांत अक्षरें फुगत, कलंडत, एकमेकांस धक्के देत. ऐतिहासिक नाटकाच्या नांवांत तींच अक्षरें तलवारीसारखीं ताणलीं जात. मराठी दर्शनी अक्षराचा खरा कोश अशा शीर्षकांत सांडलेला आहे. पण तें एकेका नांवापुरतें काढलेलें अक्षर. 'वस्त्रहरण' लिहिण्यासाठीं जीं पांच अक्षरें घडलीं तीं दुसऱ्या कोणास उसनीं मिळत नसत. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा त्रिखंडी ग्रंथ १९७१ सालीं बाहेर पडला, त्यांत नागरी मुद्रणाचा साद्यंत विचार आहे. तथापि शेडग्यांचा फुगीर 'ह' छापखान्याच्या पेटींत मिळेल, अशी सोय तेव्हांहि नव्हती.

मग संगणक आला. आरंभींच्या काळांत मराठीसाठीं जे अक्षरसंच निघाले त्यांत दर्शनी वळणें कांहीं थोडीं होतीं. पण प्रत्येक कंपनीची सांकेतिक मांडणी निराळी. एकाच्या यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडावा तर पडद्यावर भुताटकी दिसावी. युनिकोड नांवाच्या जागतिक संकेतांत नागरीस १९९१ सालींच जागा मिळाली होती. ती प्रत्यक्ष व्यवहारांत उतरण्यास पुष्कळ वर्षें गेलीं. मध्यंतरीं फ्लेक्सचे फलक आले. ज्या पेंटरनें दोन दिवस खपून पाटी रंगवावी, तिच्या जागीं दोन तासांत छापील कापड टांगलें जाऊं लागलें. त्यावर अक्षर कोणतें? तर पुस्तकाच्या मजकुरासाठीं घडविलेलें. तेंच रबरासारखें ताणलेलें, आणि जाड दिसावें म्हणून भोंवतालीं रंगाची कड चढविलेलें. गांठी बुजल्या, 'भ'चा 'म' झाला, आणि पेंटरच्या कुंचल्यास जें पाठ होतें तें कोणास आठवेना. गांवोगांवच्या वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फलक ज्यांनीं वाचले आहेत त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

अशा वेळीं 'एक टाइप' ही मंडळी पुढें आली. सारंग कुळकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दाते, मैथिली शिंगरे हीं त्यांतील प्रमुख नांवें. त्यांच्या प्रयत्नांतील पहिलें लठ्ठ अपत्य म्हणजे 'मोदक'. शिंगरे यांनीं हातानें सहज रेखाटलेल्या अक्षरांतून तें वाढलें आणि २०१५ च्या सुमारास लोकांच्या हातीं आलें. मोदकाची युक्ति मोठी धिटाईची आहे. पोकळी बुजण्याची भीति वाटते ना, मग ती जवळजवळ बुजवूनच टाकावयाची, आणि तिच्या जागीं फक्त पांढरा धागा ठेवावयाचा! मग डोळा काळ्या रेघेच्या आधारानें अक्षर वाचीत नाहीं, त्या पांढऱ्या धाग्याच्या आधारानें वाचतो. उकडीच्या मोदकास अंगठ्यानें दाबून जशा कळ्या पाडतात, तशा त्या गुबगुबीत काळ्या अंगावर पांढऱ्या चुण्या दिसतात. नांव इतकें चपखल क्वचितच पडतें. (खाद्यपदार्थांचीं नांवें अक्षरांस देण्याची ही हौस त्या दिवसांत बरीच होती, मुंबई व अहमदाबादच्या पाट्यांवरील रंगीत अक्षरें पाहून जॉनी पिनहॉर्न यानें जें गुजराती-रोमन वळण केलें, त्याचें नांव 'श्रीखंड'.)

मोदक हा सणावारीं खाण्याचा पदार्थ. रोजच्या जेवणास तो चालत नाहीं. रोजच्या कामास उपयोगी पडेल असें अक्षर म्हणजे बालू. त्याचें अंग भरलेलें आहे, पण पोट बंद नाहीं. रेघांचीं टोंकें मऊ आहेत, तरी तीं साबणाच्या वडीसारखीं गुळगुळीत नाहींत. अस्वलाच्या केसाळ पंजांतून नखें जराशीं बाहेर डोकावावींत तशी एखादी अणी त्यांत राहिलेली आहे. जेथें दोन रेघा भेटतात तेथें कांटा किंवा टोंक पुढें काढलेलें नाहीं, त्यामुळें अक्षर एकाच जिन्नसाचें, एका गोळ्यांतून वळल्यासारखें वाटतें. अशा जाड अक्षरांत कारागिरास एकसारखी चोरी करावी लागते. दांडी जेथें गांठीस भिडते तेथें तिची जाडी गुपचूप कमी करावयाची; अक्षराची रुंदी किंचित् वाढवावयाची; आणि आंतील पांढरी जागा व दोन अक्षरांमधील पांढरी जागा यांचा तोल राखावयाचा. वाचणारास ही चोरी दिसली तर काम फसलें. पेंटरचा कुंचला जें एका पाटीपुरतें करी, तें येथें प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक जोडाक्षर यांसाठीं एकदांच, पण कायमचें करून ठेवावें लागतें. शिवाय मराठीचा हट्ट निराळा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयानें पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मान्य केले. हिंदींत ह्या अक्षरांचीं रूपें वेगळीं आहेत. नागरी वळण घडविणारास दोन्ही घरच्या रीती सांभाळाव्या लागतात.

बालूचें कुटुंब मोठें आहे. त्याच्या प्रत्येक भावंडाचें नांव त्या त्या भाषेंतील भावाच्या नात्यानें ठेवलें आहे. गुजरातीचा बालू भाई, उर्दूचा बालू भाईजान, ओडियाचा बालू भाइना, बंगालीचा बालू दा, गुरुमुखीचा बालू पाजी, मल्याळमचा बालू चेट्टन, कानडीचा बालू तम्मा, तेलुगूचा बालू तम्मुडु आणि तमिळचा बालू तंबी. नामकरण करणारांनीं उत्तरेस बहुधा थोरला भाऊ केलें आहे आणि दक्षिणेस मल्याळम वगळतां धाकटा. ह्यावर कोणी दाक्षिणात्य रुसला असल्यास तें क्षम्य आहे. नागरीचा तो नुसताच 'बालू'. नागपुरांत नांव ठेवलें असतें तर तो खात्रीनें 'बालूभाऊ' झाला असता. थट्टा बाजूस ठेवली तरी ह्या कुटुंबांत एक गंभीर गोष्ट आहे. प्रत्येक लिपीच्या संचांत रोमन अक्षरेंहि दिलेलीं आहेत, आणि तीं तिच्याच जाडीचीं, तिच्याच तब्येतीचीं आहेत. आजवर दुभाषी पाटीवर इंग्रजी नांव डौलदार आणि मराठी नांव कसेंबसें, असा प्रकार चाले. जणूं एक यजमान व दुसरा ओसरीवरचा याचक. येथें दोघे एका पंक्तीस बसतात.

अस्वलाच्या ह्या नांवाचें नागपूरशीं असलेलें नातें मौजेचें आहे. बालू जगास ठाऊक झाला तो रड्यर्ड किप्लिंगच्या १८९४ सालच्या 'द जंगल बुक' ह्या पुस्तकानें. किप्लिंगचा जन्म १८६५ सालीं मुंबईस झाला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. पण पुस्तकांतलें रान सिवनीचें, आणि त्यांतून वाहणारी नदी वैनगंगा. सिवनी नागपूरच्या उत्तरेस जबलपूरच्या वाटेवर आहे, आणि पुस्तक निघालें तेव्हां तो जिल्हा ज्या मध्यप्रांतांत होता त्याची राजधानी नागपूर होती. किप्लिंगनें तें रान स्वतः पाहिलें नव्हतें असें अभ्यासक मानतात. त्यामुळेंच कीं काय, त्याचा बालू तपकिरी झाला. सातपुड्याचें अस्वल काळें असतें. लांडग्यांच्या पोरांस जंगलचा कायदा घोकवून घेणारा तो एक झोंपाळू, मायाळू मास्तर आहे. मुलांस अक्षरओळख करून देणाऱ्या वळणास ह्या मास्तराचें नांव मिळावें, यांत वावगें कांहीं नाहीं.

आतां उपयोगाविषयीं. बालू मुखपृष्ठावर शोभतो, खेळण्याच्या खोक्यावर शोभतो, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकावर, मिठाईच्या डब्यावर, रस्त्यावरच्या सूचनेवर शोभतो. मोठ्या आकारांत, थोड्या शब्दांत आणि भोंवतीं मोकळी जागा ठेवून तो वापरला म्हणजे त्याचा खेळकरपणा खुलतो. तोच बारीक आकारांत परिच्छेदच्या परिच्छेद छापण्यास जुंपला तर पान काळवंडतें आणि वाचणारा दमतो. निधनवार्ता, न्यायालयाचा हुकूम, दवाखान्यांतील औषधाच्या मात्रेची चिठ्ठी हीं त्याच्या अक्षरांत पाहणें म्हणजे सुतकास आलेल्या माणसानें झबलें-टोपडें घालून येण्यासारखें आहे. फुकट मिळतें म्हणून सर्वत्र तेंच वापरणें हा आजचा नवा रोग आहे. पुढें ह्याच कुटुंबाची दुसरी आवृत्ति निघाली, तींत साध्या जाडीपासून अतिजाडीपर्यंत पांच पायऱ्या दिल्या. सौम्य पायऱ्यांमुळें लहान मजकूरहि आतां त्याच घराण्यांत बसवितां येतो.

फुकट म्हणजे कसें, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्या खुल्या परवान्याखालीं हीं अक्षरें दिलीं आहेत, त्याप्रमाणें कोणीहि तीं वापरावींत, तपासावींत, त्यांत फेरफार करावा आणि दुसऱ्यास द्यावींत. अक्षरसंच नुसताच विकावयाचा नाहीं, आणि त्यांत फेरफार करून जें नवें होईल तेंहि त्याच परवान्याखालीं खुलें ठेवावयाचें, एवढीच मुख्य अट. राणोजी आरू यांनीं कोरलेला पोलादी ठसा ज्या कारखान्याच्या मालकीचा होता, त्याच्याबाहेर तो जाऊं शकत नव्हता. आज काटोलच्या किंवा गोंदियाच्या लहानशा छापखान्यास मुंबईच्या मोठ्या जाहिरात कंपनीचेंच अक्षर हातीं मिळतें.

हें महत्त्वाचें अशासाठीं कीं, पाटीवरील मराठीचा प्रश्न आतां केवळ आवडीचा राहिलेला नाहीं. महाराष्ट्रानें २०२२ सालीं दुकानांविषयींच्या आपल्या कायद्यांत दुरुस्ती करून मराठी पाटी लहानमोठ्या सर्व दुकानांस आवश्यक केली, आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य भाषेच्या अक्षरांहून लहान असूं नये असें ठरविलें. व्यापाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. सप्टेंबर १९२३ नव्हे, २०२३ मध्यें न्यायालयानें पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. शतकाचा हा फरक मुद्दाम उच्चारावा लागतो, कारण मागणी तेवढी जुनी वाटते. कायदा अक्षराची उंची मोजूं शकतो. 'भ'चा खंड उघडा आहे कीं बुजला आहे, हें मोजण्याची पट्टी इन्स्पेक्टराजवळ नसते. तें काम पाटी करून देणाराचें आणि पाटी लावून घेणाराचें.

बालूच्या ह्या दहा भावांच्या कुटुंबांत एक जागा मात्र रिकामी आहे. मोडी लिपीस २०१४ सालीं युनिकोडांत स्वतंत्र स्थान मिळालें, तिचीं अक्षरें संगणकावर लिहितां येऊं लागलीं. पण सलग रेघेस टांगलेल्या वाटोळ्या अक्षरांची ती मराठीची सर्वांत गोल लिपी, आणि तिचा बालू अद्याप कोणीं घडविलेला नाहीं.